डी अँड डी मध्ये रेस आधी की क्लास आधी?

डी अँड डी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोल-प्लेइंग गेममध्ये कॅरेक्टर बनवताना आधी क्लास (त्याचा पेशा) ठरवा, मग रेस (एल्फ, ड्वार्फ अशी जमात) बघा. २०१४ च्या पाचव्या एडिशनमध्ये आकडे १५, १४, १३, १२, १०, ८ असे मिळतात, त्यातला १५ क्लासच्या मेन स्टॅटला (मुख्य गुणाला) टाकायचा, विझार्डला (जादूगाराला) इंटेलिजन्स, रोगला (Rogue, चोर-टाइप क्लास) डेक्स्टेरिटी म्हणजे चपळाई, आणि मग रेसचा बोनस जोडायचा. हाय एल्फला इंटेलिजन्स +१ मिळतो म्हणजे १५ चे १६ आणि मॉडिफायर (फाशाच्या आकड्यात मिळवायचा आकडा) +२ वरून +३. खरा फायदा फक्त मॉडिफायर वाढला तरच, १६ चे १७ करून लगेच काही मिळत नाही, हे नवीन लोक हमखास विसरतात.

पण हाफ-ऑर्क विझार्डच खेळायचाय? खेळा की बिनधास्त! वीस बाजूंच्या फाशावर एकाचाच फरक पडतो आणि चौथ्या लेव्हलला +२ मिळतातच, तोवर शील्ड, मिस्टी स्टेप असे स्पेल (मंत्र) घ्या ज्यात इंटेलिजन्स लागतच नाही. माउंटन ड्वार्फ विझार्ड तर मला जास्तच आवडतो, बोनस स्ट्रेंग्थ आणि कॉन्स्टिट्यूशनला (काटकपणाला) जातो खरा, पण मीडियम आर्मर (मध्यम वजनाचं चिलखत) घालता येतं ना राव.

२०२४ च्या नियमांत हे बोनस रेसकडून काढून बॅकग्राउंडला दिलेत, त्यामुळे टेबलवर कुठलं पुस्तक चालतंय ते डीएमला (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला) आधी विचारा.