एलायझा प्लेटच्या कडेचे आकडे कसे जुळले

बडोद्याच्या आमच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या सीरममधील (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातील) आयएल-६ हे दाहाशी निगडित प्रथिन मोजताना ९६ खळग्यांच्या एलायझा (प्रतिपिंडे वापरून रंगाच्या गडदपणावरून प्रमाण सांगणारी चाचणी) प्लेटच्या कडा सातत्याने अधिक गडद पिवळ्या उतरत. उंदराचे रक्त मुळातच थेंबभर मिळते. ते असे वाया जाणे मला सहन होईना. किटला दोष देण्याआधी मी एकच स्टँडर्ड (ज्ञात प्रमाणाचे द्रावण) कडेला आणि मध्यभागी घालून पाहिले. फरक तिथेही दिसल्याने नमुने निर्दोष ठरले. फ्रिजमधून काढलेली प्लेट वैशाखातल्या उकाड्यात कडांनी आधी तापते, शिवाय पंख्याखाली तिथले द्रावण लवकर आटते. म्हणून प्लेट आणि द्रावणे खोलीच्या तापमानाला आणूनच मी काम सुरू करतो, दर टप्प्याला नवे चिकट झाकण लावतो आणि टीएमबी हे रंग आणणारे रसायन घातल्यावर प्लेट बंद, अंधाऱ्या डब्यात ठेवतो. आता ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात कडेचे आणि मधले रीडिंग जुळते.