काटा लालात गेला की ‘पोहोचू’ म्हणू नका

माझ्या उजव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, चार बोटं रुंदीचा डाग आहे. तो ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या गायमुख घाटातला. मे महिना, दुपारचे दोन, पुढे कंटेनरची रांग आणि गाडीत वसईला लग्नाला निघालेलं भाडं. डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चाललेला मला दिसत होता, पण मी म्हटलं वरसावे नाक्यापर्यंत पोहोचू, मग बघू. बॉनेटमधून वाफ आली तेव्हा कुठे थांबलो. वर शहाणपणा म्हणजे ओला फडका टाकून रेडिएटरचं झाकण फिरवलं.

मी मिस्त्री नाही. कळव्यात राहतो, २२ वर्षं गाडी चालवतोय, सध्या सीएनजीवरची वॅगन आर आहे. पुढे जे लिहिलंय ते हात बरा होईपर्यंत वागळे इस्टेटमधल्या आमच्या मिस्त्रींच्या स्टुलावर बसून शिकलेलं आहे.

जळलेल्या इंधनातला ढोबळमानाने एक तृतीयांश भागही चाकांच्या कामी येत नाही. बाकी सगळी उष्णता. त्यातली बरीचशी सायलेन्सरमधून जाते आणि जवळजवळ तेवढीच कूलंटला, म्हणजे इंजिन गार ठेवायला आत फिरणाऱ्या पाण्याला, वाहून न्यावी लागते. वॉटर पंप कूलंट फिरवतो, थर्मोस्टॅट ते गरम झाल्यावरच रेडिएटरकडे सोडतो, रेडिएटरवर समोरचा वारा किंवा पंख्याची हवा लागते आणि निवलेलं कूलंट परत इंजिनात येतं. आता राहिलं झाकण. ते नुसतं बूच नव्हे. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ बारने जास्त राहील असं ते धरून ठेवतं, त्यामुळे १०० अंशांना उकळणारं साधं पाणीही १२० च्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. गरम असताना झाकण उघडलं की दाब एकदम पडतो आणि आतलं सगळं त्याच क्षणी उकळून वर येतं. माझ्या फडक्याने काय थांबणार होतं?

गाडी गॅरेजला नेण्याआधी एक गोष्ट नीट आठवा: गरम होते ती कधी? माजिवड्याच्या सिग्नलला किंवा साकेत पुलावरच्या जॅममध्ये काटा चढतो आणि रस्ता मोकळा झाला की उतरतो, तर आधी पंख्यावर संशय घ्या. उभ्या गाडीला वारा नसतो, सगळी भिस्त पंख्यावर. फ्यूज, रिले, मोटर, सेन्सर यांतलं काहीतरी गेलेलं असतं. एसी चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत पंखा फिरायला हवा. नाही फिरला तर उत्तर तिथेच मिळालं.

उलट जॅममध्ये ठीक, पण कसारा घाट चढताना किंवा ठाणे-बेलापूर रोडला सलग पळवताना गरम होत असेल, तर कूलंट कमी आहे, रेडिएटर चोंदलाय, पंप दमलाय नाहीतर थर्मोस्टॅट अडकलाय. थर्मोस्टॅट बंद अडकला की रेडिएटरचा एक होज पाइप चटका देतो आणि दुसरा गारच राहतो. पावसाळ्यानंतर रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि किडे बसलेले असतात. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, हलक्या धारेनं मारा. वॉशिंगवाल्याला प्रेशर गन समोरून धरू देऊ नका, पत्र्याच्या पातळ पात्या वाकतात आणि हवेची वाटच बंद होते.

आता रस्त्यावर काय करायचं ते. काटा नेहमीच्या जागेवरून सरकला, पण लालात नाही, तर एसी बंद करा, काचा खाली घ्या आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवून ब्लोअर मोठा करा. मे महिन्यात हे ऐकून प्रवासी तुमच्याकडे वेड्यासारखे बघतील. बघू देत. डॅशबोर्डमागे हीटरचा एक छोटा रेडिएटरच असतो, इंजिनातली थोडी उष्णता तो ओढून घेतो. पुढच्या गाडीला चिकटून पुन्हा पुन्हा क्लच-एक्सलरेटर करू नका, अंतर सोडा आणि एकदम पुढे घ्या.

काटा लालात गेला, लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली की पहिल्या सुरक्षित जागी डावीकडे घ्या आणि इंजिन बंद करा. दोन मिनिटांचा रस्ता राहिलाय हे कारण चालत नाही. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचं असतं, ते तापून वाकतं आणि त्याखालचं गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारी पातळ चकती, उडतं. माझ्या त्या दुपारचं मूळ कारण ४५० रुपयांचा फुटका होज होता. पुढे ओढल्यामुळे हेड उतरवून फेसिंग मारावं, म्हणजे घासून सपाट करावं लागलं आणि बिल झालं १८,००० च्या वर.

आणखी एक फसवणूक सांगतो. कूलंट पूर्ण गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चक्क खाली येऊ शकतो. आपल्याला वाटतं गाडी निवली. काटा वर जाऊन अचानक पडला आणि हीटरमधून गार हवा यायला लागली, तर तो धोक्याचा इशारा समजा. बऱ्याच नव्या गाड्यांत तर काटाच नाही, फक्त दिवे. निळा म्हणजे इंजिन अजून थंड, लाल म्हणजे थांबा.

थांबल्यावर चारही इंडिकेटर लावा, त्रिकोण मागे ठेवा, माणसं गाडीपासून लांब उभी करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन करा. वाफ थांबेपर्यंत बॉनेट उघडू नका आणि नंतरही पंख्यापासून हात लांब ठेवा, काही गाड्यांत चावी काढल्यावरही तो फिरतो. कमीत कमी अर्धा तास थांबा, उन्हात पाऊण. वरचा होज हाताला कोमट आणि मऊ लागला की मग जाड फडका धरून झाकण आधी थोडंसंच फिरवा, फुस्स आवाज पूर्ण थांबू द्या, नंतर उघडा. तापलेल्या इंजिनावर बादलीने गार पाणी ओतणारे हितचिंतक प्रत्येक नाक्यावर भेटतात. त्यांना हात जोडा. ब्लॉकला किंवा हेडला तडा जाऊ शकतो.

अडचणीत साधं पाणी भरून हळूहळू गॅरेज गाठता येतं, पण नंतर ते काढून टाका. बोअरच्या पाण्यातले क्षार आत साचतात. कूलंटचा कॅन घेताना तयार आहे की पाणी मिसळायचं आहे ते वाचा. घट्ट असेल तर बहुधा निम्मं डिस्टिल्ड वॉटर लागतं. रंग सारखा म्हणजे कूलंट सारखं असं नसतं, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घ्या. सांडलेलं लगेच धुवा. ते चवीला गोड आणि विषारी असतं, सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात.

दर सोमवारी सकाळी, इंजिन थंड असताना, मी कूलंटच्या टाकीवरच्या दोन खुणांमध्ये पातळी आहे का ते बघतो. पातळी उतरली की नुसतं भरून मोकळं व्हायचं नाही, पाणी गेलं कुठे ते शोधायचं. ही बंद यंत्रणा आहे, कूलंट असंच आटत नाही. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरा, सकाळी डाग कुठे आहे त्यावरून अर्धं कळतं. पंपाखाली ओल दिसेल, होजच्या क्लिपपाशी पांढरट खूण असेल. सीएनजीवाल्यांनी रिड्यूसरला, म्हणजे गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला, जाणारे बारीक पाइपही बघा. गॅस दाब सोडताना गार पडतो म्हणून बहुतेक किटमध्ये रिड्यूसरला कूलंटचीच ऊब दिलेली असते. बाजूच्या सीटपुढची मॅट ओली आणि गाडीत गोडसर वास, म्हणजे हीटरची कॉइल, तोच डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर, गळतेय. बाहेर काहीच नाही, पण सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा, तर गॅस्केट. मात्र थंडीत, छोट्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीला थोडा चिकटा तसाही येतो, त्यामुळे एकट्या त्यावरून घाबरू नका.

काही गॅरेजवाले ‘थर्मोस्टॅट काढून टाकू, कटकटच नको’ म्हणतात. मीही एकदा ऐकलं होतं. इंजिन तापायला उशीर, गाडी जास्त पिते आणि खरा बिघाड आत तसाच. पंखा डायरेक्ट करून देणं, म्हणजे सतत फिरता ठेवणं, घरी पोहोचण्यापुरतं चालेल.

डिकीत माझ्याकडे आता पाच लिटरचा पाण्याचा कॅन, दोन होज क्लिप, स्क्रू ड्रायव्हर, जादा फ्यूज, टॉर्च आणि कोपरापर्यंत येणारा जाड हातमोजा असतो. हातमोजा बायकोने आणलाय. गाडी धुवायला काढली की तो परत डिकीत गेला की नाही, हे ती स्वतः बघते.