शेक संपले, मानेत गाठ अजून लागते: पेट स्कॅन कधी काढायचा आणि ऑपरेशनचं कसं ठरवायचं

आमच्या काकांना घशाचा कॅन्सर, 35 शेक (म्हणजे रेडिएशन, आमच्याकडे लाईट म्हणतात) आणि सोबत किमो झाली, आणि शेवटच्या शेकाच्या दुसऱ्या दिवसापासून घरात सगळ्यांचं एकच, मानेतली गाठ गेली का ते बघून घ्या ना. शेवटी सहाव्या आठवड्यात आम्हीच धीर सोडला, ओळखीच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेतली आणि पेट सीटी काढला. मान उजळलेली आली. एका सर्जनने लगेच पुढच्या आठवड्याची ऑपरेशनची तारीख दिली, काकू दोन दिवस जेवल्या नाहीत, आणि ज्यांनी शेक दिले होते त्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून एवढंच विचारलं, "हा आत्ताच कोणी काढायला सांगितला?"

तर पहिली गोष्ट, शेवटच्या शेकाच्या तारखेपासून साधारण 12 आठवडे मोजा. पहिल्या शेकापासून नाही, शेवटच्या. पेटमध्ये जे इंजेक्शन देतात ती किरणोत्सारी साखर असते, कॅन्सरच्या पेशी साखर जास्त खातात म्हणून त्या चमकतात, पण शेकाने सुजलेला भागही साखर खातो आणि तोही तसाच चमकतो. सूज उतरायच्या आधी काढलेला स्कॅन म्हणजे पैसे घालून विकत घेतलेली भीती.

हे 12 आठवडे कोणी मनाने ठरवलेले नाहीत. ब्रिटनमधल्या 37 सेंटरमध्ये मानेतल्या गाठी मोठ्या असलेल्या 564 पेशंटवर अभ्यास झाला, 2016 मध्ये छापून आला. अर्ध्यांची मान ठरल्याप्रमाणे ऑपरेट केली, अर्ध्यांना किमो-शेकानंतर 12 आठवड्यांनी पेट आणि गाठ नीट विरघळली नसेल किंवा शंका असेल तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी जिवंत असलेले पेटवाल्यांत 84.9 टक्के, ऑपरेशनवाल्यांत 81.5 टक्के, म्हणजे पेटवाले मागे पडले नाहीत. आणि मानेची ऑपरेशनं झाली 54 विरुद्ध 221. मात्र त्यात बहुतेक पेशंट एचपीव्ही व्हायरसमुळे झालेल्या घशाच्या कॅन्सरचे होते, आपल्याकडे तंबाखूवाले जास्त, तेव्हा आपल्या पेशंटला हे किती लागू पडतं ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आणि गालाचा किंवा जिभेचा कॅन्सर, ज्यात आधी ऑपरेशन आणि मग शेक झालेत, तिथे हा हिशोब जसाच्या तसा लावू नका.

स्कॅनच्या दिवशी सहा तास उपाशी, साधं पाणी चालतं. नाकातून नळी असेल तर नळीतून दिलेलं दूधपण खाणंच धरतात, आमच्या काकूंनी सकाळी सवयीने कपभर दिलं आणि अपॉइंटमेंट गेली. डायबिटीस असेल तर गोळ्या-इन्सुलिनचं आदल्या दिवशी सेंटरला फोन करून विचारा, कारण शुगर 200 च्या वर असली की बरेच सेंटरवाले परत पाठवतात. वेळेवर पोचा, ते औषध 110 मिनिटांत अर्धं संपतं, ते तुमच्यासाठी थांबत नाही. इंजेक्शननंतर तासभर गप्प पडायचं, बोलायचं नाही, फोन नाही, काही चघळायचं नाही, नाहीतर घशाचे स्नायू साखर ओढून घेतात आणि रिपोर्टवाला गोंधळतो. शाल न्या, थंडी वाजली तरी मानेतली एक प्रकारची चरबी चमकते. नुकताच दात काढलाय किंवा कुठून तपासायला तुकडा (बायोप्सी) घेतलाय, तर न विचारताही सांगा. आणि आधीच्या स्कॅनची सीडी न्याच, नुसता कागद नाही, जुनं समोर असल्याशिवाय नवीन नीट वाचता येत नाही.

रिपोर्ट आला की शेवटचा इम्प्रेशनचा, म्हणजे निष्कर्षाचा परिच्छेद वाचा. काहीच चमकत नसेल तर सीटीमध्ये छोटी गाठ दिसली तरी बहुतेक वेळा सुरी लागत नाही, मेलेल्या गाठीचं टरफल उरतं. धूसर चमक असेल तर काही ठिकाणी थोडं थांबून परत स्कॅन करतात, काही ठिकाणी सोनोग्राफीत बघून सुईने गाठीतल्या पेशी तपासायला घेतात. ब्रिटनच्या त्या अभ्यासात अशांनाही ऑपरेशन केलं होतं, तेव्हा इथे डॉक्टरांची मतं वेगळी येऊ शकतात. ठळक चमक असली तरी आधी पुरावा मागा, सुईचा किंवा तुकड्याचा, कारण चमकणारं सगळंच कॅन्सर नसतं, शेकाने खराब झालेलं जबड्याचं हाडपण चमकतं. एसयूव्हीच्या, म्हणजे चमक किती ते सांगणाऱ्या आकड्यावरून भांडू नका, मशीन बदललं, शुगर बदलली की तो हलतो.

पुरावा पक्का झाला की मात्र उगाच लांबवू नका, आणि गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलीय का, ती पूर्ण निघेल का, हे विचारा, त्यासाठी कॉन्ट्रास्ट सीटी किंवा एमआरआय लागतो. शेक घेतलेली मान चामड्यासारखी होते, जखम उशिरा भरते. आणि खांद्याची नस दुखावली की हात डोक्यावर जात नाही, दोरीवर टॉवेल टाकणंही जमत नाही. निर्णय सर्जन, शेकवाले आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून घेतात का, तेवढं बघा, एकाच केबिनमध्ये तारीख मिळत असेल तर दुसरीकडे दाखवा.

काकांचा दुसरा स्कॅन तेराव्या आठवड्यात झाला, चमक नाही, गाठ शेंगदाण्याएवढी. सुरी लागली नाही, दर दोन महिन्यांनी डॉक्टर हाताने मान आणि दुर्बिणीने घसा तपासतात. मध्ये कान दुखायला लागला, आवाज बदलला किंवा घास अडकायला लागला तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही असं बजावलंय. गाठ अजून बोटाला लागते, काका दाढी करताना रोज चाचपतात.