लहान मुलांना रॅकूनची ओळख कशी करून द्यावी

टोरंटोत आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात एका रात्री मागच्या अंगणात खडखड झाली. पुण्याहून आलेली माझी आई खिडकीतून बघून म्हणाली, "अगंबाई, उदमांजर!" चार वर्षांच्या नातीने लगेच सांगितलं, "नाही आजी, चोर आहे तो. बघ ना, मास्क घातलाय."

तो होता रॅकून, डोळ्यांभोवती काळा पट्टा असणारा उत्तर अमेरिकेतला जंगली प्राणी. पण 'चोर' हे मला खटकलं. ज्या प्राण्याच्या शेजारी ही मुलं लहानाची मोठी होणार, त्याची पहिली ओळख 'चोर' अशी का व्हावी? तेव्हापासून मी मुलांना रॅकून दाखवते तो चेहऱ्यापासून नाही, हातापासून.

आधी हात

मोठ्या पातेल्यात कोमट पाणी घ्या. त्यात चमचा, शिंपला, गुळगुळीत दगड, बटाट्याची साल आणि एखादं सफरचंद टाका. वरून टॉवेल झाका. आता मुलाने दोन्ही हात आत घालून, न बघता, काय काय आहे ते ओळखायचं. (मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर तोंडात जाईल अशी लहान वस्तू ठेवू नका, आणि पातेल्याजवळून हलू नका.) आमची लेक डोळे घट्ट मिटून चाचपत होती. चमचा हाताला लागला तेव्हा म्हणाली, "हे गार आहे आणि ह्याला पोट आहे."

त्याच क्षणी सांगा, रॅकून अगदी असंच करतो. ओढ्याच्या काठाशी बसतो, नजर भलतीकडे असते आणि पुढचे दोन्ही पंजे पाण्याखाली दगडांच्या फटी चाचपत असतात. बेडूक, क्रेफिश (गोड्या पाण्यातला, कोळंबीसारखा जीव), गोगलगाय, जे हाती लागेल ते. त्याला पाच बोटं असतात, पण आपल्यासारखा इतर बोटांना भिडणारा अंगठा नसतो, म्हणून तो वस्तू दोन्ही पंजांत धरतो. ओल्या पंजांना स्पर्श जास्त चांगला कळतो. तो अन्न धुऊन खातो असं लोकांना वाटलं ते यामुळेच. त्याच्या शास्त्रीय नावातल्या 'लोटर'चा अर्थही धुणारा असाच आहे. 'रॅकून' हा शब्द मात्र अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या पोव्हाटन या मूळनिवासी लोकांच्या भाषेतून आला, आणि त्याचा अर्थ हातांनी घासणारा, खरवडणारा. मला हे नाव जास्त खरं वाटतं.

मग ठसे

पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याकाठी जा. आम्ही हंबर नदीच्या काठाला जातो. चिखलात पुढच्या पंजाचा ठसा दिसला, तर मूल दचकतंच, कारण तो थेट तान्ह्या बाळाच्या हातासारखा असतो. मागच्या पायाचा लांबट. ठशाच्या वर, हात न टेकवता, मुलाला आपला पंजा धरायला सांगा.

जेवणाच्या टेबलाखाली ढोली

टेबलावर चादर टाकली की ढोली तयार. आत उशा. मुलं झाली पिल्लं, तुम्ही आई. पिल्लं बहुतेक वसंतात जन्मतात, साधारण दोन ते पाच, आणि सुमारे तीन आठवडे त्यांचे डोळे उघडत नाहीत. आई एकटीच त्यांना वाढवते. धोका वाटला तर मानेला धरून एकेकाला दुसऱ्या ढोलीत नेते. हे 'नेणं' मुलांना फार आवडतं, दहा वेळा करावं लागेल! शरद ऋतूत सगळ्यांनी भरपूर खाऊन गोलमटोल व्हायचं, आणि कडाक्याच्या थंडीत एकमेकांना चिकटून दिवसच्या दिवस झोपायचं. ही अस्वलासारखी सलग झोप नाही, जरा ऊब आली की रॅकून बाहेर पडतो.

इथेच 'चोर' या शब्दाचा निकाल लावता येतो. झाडाची ढोली नाही मिळाली की आई आपल्या घराच्या माळ्यावर किंवा चिमणीत जागा शोधते. आपण उघडं टाकलेलं अन्न पिल्लांचं पोट भरायला तिला आयतं मिळतं. टोरंटोने 2016 सालापासून फिरवून बंद करायच्या कडीचे, ओल्या कचऱ्याचे नवे हिरवे डबे घरोघरी दिले ते यासाठीच. आमच्याकडे रात्री ती कडी लावायचं काम लेकीचं.

"आपण पाळूया का?"

हे मुलं विचारतातच. अमेरिकेचे अध्यक्ष कॅल्विन कूलिज यांना 1926 साली थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीसाठी रॅकून मादी भेट आली होती. त्यांनी तिला न मारता पाळलं आणि रेबेका नाव दिलं. व्हाइट हाउससुद्धा तिला पुरलं नाही, शेवटी तिची रवानगी प्राणिसंग्रहालयात झाली. एवढी गोष्ट पुरते.

नियम मात्र गोष्टीत गुंडाळू नका, स्पष्ट सांगा. खायला द्यायचं नाही. हात लावायचा नाही, पिल्लू एकटं दिसलं तरी नाही, येऊन मोठ्यांना सांगायचं. रॅकूनकडून रेबीज होऊ शकतो. चावला किंवा ओरबाडलं तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा. रॅकून ठरावीक जागी शी करतात आणि तिच्यात घातक जंतांची अंडी असू शकतात, म्हणून वाळूचा खड्डा खेळून झाल्यावर झाकायचाच.

भारतात जंगली रॅकून नाहीत. आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलताना सांगायला त्याचे दूरचे नातलग आहेत: सिक्कीमचा लाल पांडा आणि कोकणातल्या खाड्यांमधलं पाणमांजर.

शेवटी खिडकी

प्रत्यक्ष बघायचं ते सगळ्यात शेवटी. संध्याकाळ मावळली की खोलीतले दिवे घालवा, काचेशी बसा, बोलणं बंद. गेल्या जूनमध्ये आमच्या मेपलवरून एक आई तीन पिल्लांसह उतरली, डोकं खाली करून. मागचे पाय उलटे फिरवून सालीला धरता येतात, म्हणून जमतं तिला. शेवटचं पिल्लू मध्येच अडकलं. लेक माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "थांब, हात शोधतोय तो."