ऊसतोडीच्या हंगामात वैरणीतल्या या चुका टाळा

साखर कारखाने सुरू झाले की कोल्हापूर जिल्ह्यात करवीर, कागल, शिरोळकडं गोठ्यासमोर वाढ्याचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे पडायला लागतात. चार महिने वैरणीची चिंता मिटली म्हणून घरात समाधान असतं. आणि नेमक्या याच दिवसांत पेंडीची पोती जास्त लागतात, म्हशी उलटतात म्हणजे भरवूनही गाभण राहत नाहीत, दूध संस्थेतलं फॅट घसरतं. जनावराच्या पोटात गेलेल्या ज्या वैरणीचं दूध होत नाही, ती आपल्या बिलातून तर जातेच, शिवाय मिथेन होऊन हवेत आणि मुतातून जमिनीत, ओढ्यात जाते. खर्च आणि पर्यावरण हे दोन वेगळे हिशोब नाहीत, असं मला मनापासून वाटतं.

नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. वाढ्यात ऑक्झॅलेट असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळं कॅल्शियम अंगी न लागता शेणातून निघून जातं. दुभत्या म्हशीला त्याचा फटका आधी बसतो: व्याल्यावर अंग गार पडून ती बसते, नाहीतर माजावर नीट येत नाही. शिवाय वाढ्यात प्रथिनं कमी. पोटातल्या जिवाणूंना प्रथिनं पुरली नाहीत की तंतू सावकाश पचतात, दूध कमी निघतं आणि दर लिटरमागं मिथेन जास्त पडतो. चाऱ्यातल्या ऊर्जेचा साधारण 2 ते 12 टक्के भाग असा वायू होऊन जातो, आणि 100 वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो.

वाढं बंद करा असं मी म्हणणार नाही. शेतात पेटवण्यापेक्षा ते गव्हाणीत आलेलं केव्हाही चांगलं. फक्त हिरव्या वैरणीतला त्याचा वाटा निम्म्यावर ठेवा, कुट्टी करूनच टाका, त्यावर चुन्याची निवळी शिंपडा आणि रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्या. उरलेल्या निम्म्यात चवळी, लसूणघास किंवा बांधावरची शेवरी असू द्या. ओला लसूणघास उपाशीपोटी मात्र देऊ नका, पोट फुगतं.

सगळ्यांना एकाच मापानं आंबोण (खुराक)

एक म्हैस 9 लिटर देते, दुसरी 4 लिटर, आणि दोघींपुढं 5-5 किलो खुराक. ढोबळ हिशोब असा: अंगासाठी 1.5 किलो आणि म्हशीच्या दर लिटर दुधामागं 500 ग्रॅम. गाईला 400 ग्रॅम पुरतात. म्हणजे पहिलीला 6 किलो लागतात, दुसरीला 3.5. दुसरीचे रोजचे 1.5 किलो फुकट. महिन्याला 45 किलो, जवळजवळ एक पोतं! दुसरीची ही जादा पेंड पहिलीला दिली तर एक पैसाही जादा न घालता दूध वाढतं. जास्तीच्या प्रथिनांचा नत्र मुतातून जातो. गोठ्यात डोळ्यांना झोंबणारा वास येतो तो त्याचाच अमोनिया. शेणात मक्याचे अख्खे दाणे दिसले तर भरडा जाड आहे, आधी तो बारीक करून घ्या.

पिंजर तसंच टाकणं आणि युरियाची घाई

राधानगरी, भुदरगड, गगनबावड्याकडं भाताचं पिंजर (वाळलेला पेंढा) भरपूर असतं, पण नुसतं टाकलं तर जनावराला त्यातून फार काही मिळत नाही. 100 किलो पिंजरावर 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात विरघळवून थरांमध्ये शिंपडा, दाबून हवाबंद झाका आणि 21 दिवसांनी उघडा. खाऊ घालण्याआधी काही तास पसरून वास जाऊ द्या, सुरुवात थोड्यावर करा. सहा महिन्यांच्या आतल्या वासरा-रेडकांना हे देऊ नका. आंबोणात किंवा पिण्याच्या पाण्यात युरिया कधीही टाकू नका. त्यानं जनावर तासाभरातही दगावतं. पेरणीचं उरलेलं युरियाचं पोतं गोठ्यात ठेवलं असेल तर आजच हलवा.

बुरशी आलेली पेंड खपवणं

पावसात पोती जमिनीवर ठेवली की सरकी पेंड तळातून काळी पडते. ती वाया जाऊ नये म्हणून थोडी थोडी मिसळतात. त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष दुधात उतरतं, तेच दूध आपली पोरं पितात, आणि उकळून ते जात नाही. पोती लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा आणि महिन्याला पुरेल एवढीच आणा.