लहानग्यांना पुण्यात फिरायला नेताय? या चुका टाळा

दोन ते पाच वर्षांच्या मुलाला घेऊन काढलेली सहल फसली, की दोष जागेला मिळतो. "कात्रजला काही राम राहिला नाही", "सारसबागेत नुसती गर्दी". बहुतेक वेळा जागा बरी असते, वेळ चुकलेली असते. कुठे जायचं यावर कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आदल्या रात्रीपर्यंत खल चालतो; किती वाजता निघायचं आणि तिथे किती वेळ थांबायचं हे मात्र गाडीत बसल्यावर ठरतं. या वयाच्या मुलांसाठी हा क्रम उलटा हवा. आधी घड्याळ, मग जागा.

साडेअकराला बागेच्या फाटकाशी

रविवारी सगळ्यांच्या आंघोळी, पोहे, दुसरा चहा उरकून निघेपर्यंत अकरा वाजतात. महापालिकेच्या बहुतेक बागा सकाळी आणि संध्याकाळी अशा दोन पाळ्यांत उघड्या असतात, मधे दुपारभर कुलूप. पुण्यातली दुकानं दुपारी झोपतात यावर आपण विनोद करतो, पण बागाही झोपतात हे फाटकाशी पोचल्यावरच आठवतं.

बाग उघडी सापडली तरी पुढे मुलाची झोप आहे. एक वाजता झोपणारं मूल बारापासूनच कुरकुरायला लागतं. चप्पल नको, पाणी नको, उचलून घे, खाली सोड. आपण म्हणतो, "आज हट्टीपणा करतोय." तो फक्त पेंगुळलेला असतो. म्हणून हिशोब मागून करावा: झोपेची वेळ एकची असेल तर साडेअकराला परतीला लागायचं, म्हणजे नऊ-साडेनऊला बागेत हवं. हे जमणार नसेल तर सकाळ सोडून द्या आणि दुपारची झोप झाल्यावर पाचला निघा. एप्रिल-मे महिन्यांत तर हे दोनच पर्याय आहेत.

सुट्टी टाकून मधल्या वारी जाणाऱ्यांसाठी: कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं. मुंबईची राणीची बागही बुधवारीच. बंद फाटकासमोर तीन वर्षांच्या मुलाला 'साप्ताहिक सुट्टी' समजावून सांगणं सोपं नाही.

सगळे प्राणी बघायचा अट्टहास

कात्रजचा परिसर सुमारे 130 एकरांचा आहे, तलाव धरून. मोठ्या माणसाचेही पाय दुखतात. तरीही तिकीट काढलंय म्हणून साप, अस्वल, वाघ, हत्ती सगळं एका फेरीत उरकायचं असतं. दोन प्राणी ठरवा. तीन वर्षांच्या मुलाला तेवढे पुरतात. आत बॅटरीवर चालणारी गाडी मिळते, पण सुट्टीच्या दिवशी तिलाही रांग असते. मुलं रांगेत जितकी दमतात तितकी चालून दमत नाहीत, तेव्हा रांग मोठी दिसली तर विचार बदला.

वाघाचा मोह आपल्यालाच असतो. भर दुपारी तो सावलीत आडवा पडलेला असतो आणि दोन वर्षांच्या मुलाला लांबवरचा तो पिवळा ठिपका दिसतच नाही. आजोबा "तो बघ, तो बघ" करत बोट दाखवतात आणि नातू बोटाकडेच बघत राहतो. हरणं, माकडं, हत्ती हलतात, म्हणून लहानांना दिसतात. आणि मूल कुंपणाशी बसून मुंग्यांची रांग बघायला लागलं, तर बसू द्या. प्राणी बघायलाच आलोय ना?

आजोबांचा विषय निघालाच आहे तर एक सूचना. पेशवे पार्कातला वाघ पाहून मोठी झालेली पिढी अजूनही नातवाला "चल, पेशवे पार्कात वाघ दाखवतो" असं कबूल करून बसते. तिथले प्राणी केव्हाच कात्रजला हलवले. पेशवे पार्कात आता फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी आहे, आणि तिचंच आश्वासन द्यावं.

फुलराणी 1956 पासून धावतेय. तिच्याबाबतची नेहमीची चूक म्हणजे तिला शेवटी ठेवणं. "आधी खेळून घे, मग गाडीत बसू" असं म्हणत अंधार पडतो, रांग वाढते आणि मूल गाडी दिसत असताना रडत घरी जातं. आधी फुलराणी, मग झोपाळे. एक फेरी झाली की दुसरीचा हट्ट होणारच. तेव्हा किती फेऱ्या हे तिकीट काढतानाच मुलाला सांगा, आणि दोन म्हणालात तर दोनच. शेजारी सारसबाग आहे आणि वर पर्वती दिसतेय म्हणून तीही त्याच दिवशी करायची टूम काढू नका. पर्वतीला शंभरावर पायऱ्या आहेत आणि उतरताना मूल तुमच्या कडेवर असणार आहे.

घसरगुंडीवर मांडीवर घेऊन बसणं

या एका चुकीबद्दल जरा सविस्तर लिहितोय, कारण ती प्रेमापोटी होते. लहान आहे, एकटं घाबरेल, म्हणून बाबा किंवा मावशी त्याला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून खाली येतात. मूल एकटं घसरत असताना त्याचा बूट कडेला अडकला तर ते थांबतं, कारण त्याचं वजन कमी असतं. मांडीवर असताना बूट अडकला तर मागे मोठ्या माणसाचं वजन असतं. खाली जाणारं शरीर थांबत नाही, पाय मात्र तिथेच राहतो. अशा प्रकारे नडगीचं हाड मोडल्याच्या घटना डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीच्या आहेत. सूज फारशी दिसत नाही. मूल फक्त पाय टेकायला नकार देतं किंवा लंगडतं. "नाटकं करतोय" म्हणून एक रात्र काढू नका, एक्स-रे काढून घ्या.

मूल घाबरत असेल तर घसरगुंडी लहान निवडा, बाजूला उभं राहून हात धरा. तेही नको असेल तर आज नको. पुढच्या महिन्यात ते आपणहून चढेल. उन्हाळ्यात पत्र्याच्या घसरगुंडीला आधी आपला तळहात लावून बघा. उघड्या मांड्यांना बसणारा चटका फार जोराचा असतो. मुलीच्या गळ्यात ओढणी किंवा टोपीला लोंबती दोरी असेल तर गोल फिरणाऱ्या पाळण्याजवळ जाण्याआधी ती काढा. आणि पावसाळ्यात फरशीवर शेवाळ असतं, तिथे रबरी तळाच्या सँडल हव्यात, गुळगुळीत झालेल्या चपला नकोत.

भूक लागल्यावर खायला शोधणं

सारसबागेच्या बाहेरची चौपाटी आपल्यासाठी असते. पावभाजी येईपर्यंतची वीस मिनिटं मुलाला झेपत नाहीत, आणि आली की ती तिखट. घरूनच तुपाची मऊ पोळी गुंडाळून, केळं, उकडलेलं रताळं किंवा राजगिऱ्याचा लाडू घ्या. भूक लागण्याआधी द्या, म्हणजे पोचल्यावर तासाभराने, खेळ थांबवून. पाण्याचंही तसंच, खेळात रमलेलं मूल मागत नाही.

चणे-फुटाणे, अख्खे शेंगदाणे आणि पॉपकॉर्न चार वर्षांच्या आतल्या मुलांना देऊ नका, धावताना तर नकोच. ते श्वासनलिकेत अडकतात. भेळेतले शेंगदाणेही त्यात आले. द्राक्षं उभी चिरून, चार तुकडे करून. फुटलेल्या फुग्याचा रबरी तुकडा मुलं तोंडात घालून चघळतात, तो लगेच उचलून टाका. फाटकाशी फुगेवाला आणि 'बुढ्ढी के बाल' वाला उभाच असतो, तेव्हा आज काय घ्यायचं ते घरून निघतानाच ठरलेलं बरं.

शूचा प्रश्न: घरून निघताना एकदा, पोचल्यावर आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते बघून ठेवायचं, आणि मूल सांगेपर्यंत वाट बघायची नाही. नुकतंच डायपर सुटलेलं मूल खेळताना सांगत नाही. दोन चड्ड्या आणि एक प्लॅस्टिकची पिशवी जास्तीची.

काचेमागच्या वस्तू

पाऊस पडला की संग्रहालय आठवतं. बाजीराव रस्त्यावरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय अप्रतिम आहे, अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने एका वडिलांनी उभं केलेलं. दिवे, अडकित्ते, वाद्यं. संग्रह वीस हजारांवर. पण सगळं काचेमागे आणि जिने बरेच. दोन वर्षांच्या मुलाला घेऊन गेलात तर तुम्हालाही काही बघता येणार नाही. सात-आठ वर्षांपर्यंत थांबा. कोथरूडमधलं जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय मात्र तीन-चार वर्षांच्या मुलांना खिळवून ठेवतं, कारण तिथे गाड्या खरोखर धावतात, सिग्नल पडतात, दिवे लागतात. तिथे गाड्यांच्या खेळाची वेळ फोन करून विचारून मगच निघा, आणि हात लावायचा नसतो हे वाटेतच सांगा.

मॉलमधल्या प्ले झोनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही: मोजे विसरू नका, शनिवार-रविवार टाळा.

त्यापेक्षा मेट्रो. वनाझवरून बसा, जिल्हा न्यायालय (आधीचं सिव्हिल कोर्ट) स्टेशनला उतरा, परत या. वरून रस्ते दिसतात, नदी दिसते, समोरून दुसरी गाडी येते. लोक इथे चूक करतात ती म्हणजे मेट्रोने 'कुठेतरी' जातात आणि मग तिथे मूल विचारतं, "परत मेट्रो कधी?" त्याच्यासाठी गाडीच सहल आहे. जोडीला काही हवंच असेल तर जंगली महाराज रस्त्याच्या रुंद फुटपाथवर मुलांसाठी खेळ बसवलेले आहेत, संभाजी उद्यानही तिथेच. सरकत्या जिन्यावर मऊ प्लॅस्टिकचे क्लॉग घातलेली पावलं कडेच्या फटीत ओढली जातात. त्या दिवशी बूट घाला किंवा लिफ्टने जा. बाबागाडी घरी ठेवलेली बरी. स्टेशनात ती चालते, पण स्टेशनपर्यंतच्या फुटपाथवर दुचाक्या उभ्या असतात.

सगळेच बघतायत

आई, बाबा, आजी, आजोबा, आत्या, काका. सहा मोठी माणसं आणि एक मूल, तरी ते नजरेआड होतं, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. पाळी लावा. "आता अर्धा तास तुम्ही" असं नाव घेऊन सांगा, आणि ज्याची पाळी त्याचा फोन खिशात. सारसबागेत तळ्यातल्या गणपतीभोवती पाणी आहे, तिथे तर हातच धरायचा. निघण्याआधी मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो काढून ठेवा. मूल हरवलं तर घाबरलेल्या अवस्थेत शर्टाचा रंग कोणालाच आठवत नाही. मनगटावर बॉलपेनने फोन नंबर लिहा. नाव शर्टावर दिसेल असं लिहू नका. नावाने हाक मारणारा प्रत्येक जण मुलाला ओळखीचा वाटतो.

"पाच मिनिटांत निघायचं हं"

तीन वर्षांच्या मुलाला पाच मिनिटं म्हणजे किती ते कळत नाही. "अजून तीनदा घसरगुंडी, मग घोड्याला टाटा" हे कळतं. तीन मोजा आणि निघा. "तू थांब इथेच, आम्ही चाललो" ही धमकी बागेत रोज ऐकू येते. मूल त्या दिवशी घाबरून मागे येतं, पुढच्या वेळी बागेत तुमचा हात सोडायला तयार होत नाही.

परतीचा प्रवास दुचाकीवर असेल तर सर्वात मोठी चूक इथेच होते. दमलेलं मूल पुढे उभं असतं आणि दांडेकर पुलापर्यंत डुलक्या घ्यायला लागतं. नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा आणि त्याच्या मापाचं हेल्मेट हवं, आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत; 15 फेब्रुवारी 2023 पासून हे लागू आहे. पट्टा नसेल तर येताना रिक्षा करा. त्याचे पैसे सहलीच्या खर्चात सकाळीच धरून ठेवा, म्हणजे रात्री साडेसातला स्वारगेटला घासाघीस करत उभं राहावं लागत नाही.