एआय सर्व्हरला एसएसडी जोडताना

महापेच्या डेटा सेंटरात रात्रपाळीला असताना मी ड्राइव्हची जाडी न बघताच ऑर्डर देऊन बसलो होतो. एसएसडीचा ई१.एस हा प्रकार (सर्व्हरसाठीचा अरुंद, लांबट आकार) ९.५, १५ आणि २५ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या जाडीत येतो. १५ची ड्राइव्ह ९.५च्या खणात शिरणार कशी? तेव्हा आधी खण मोजा.

मग लेनचा, म्हणजे पीसीआयई या जोडणीतल्या डेटाच्या वाटांचा, हिशेब मांडा. जीपीयूला (एआयची आकडेमोड करणारी चिप) सहसा १६, एनव्हीएमई ड्राइव्हला (पीसीआयईवर चालणारी एसएसडी) ४, वेगवान नेटवर्क कार्डाला आणखी १६. ८ जीपीयूंच्या मशीनला प्रोसेसरच्या लेन पुरत नाहीत, म्हणून मध्ये पीसीआयई स्विच, म्हणजे मोजक्या लेन अनेक उपकरणांत वाटून देणारी चिप, घालतात. ड्राइव्ह आणि जीपीयू शक्यतो एकाच स्विचखाली ठेवा, म्हणजे डेटाला प्रोसेसरकडून वळसा पडत नाही.

बसवून झालं की लिनक्सवर रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन 'lspci -vv' ही पीसीआयई उपकरणांची माहिती दाखवणारी कमांड चालवा. ड्राइव्हच्या नोंदीत क्षमतेच्या ओळीत (LnkCap) ३२ जीटी (दर लेनचा वेग, GT/s) आणि चालू स्थितीच्या ओळीत (LnkSta) १६ दिसले, तर लिंक पीसीआयईच्या पाचव्या पिढीवरून चौथीवर घसरलीय. म्हणजे ४ लेनवर सेकंदाला साधारण १६ जीबीऐवजी ८च! माझ्याकडे बहुतेकदा केबलच अर्धवट बसलेली निघते. मशीन बंद करा, केबल काढा, पुन्हा नीट दाबून बसवा.